कृष्णवर्णीय कलाकारांना वेगळे पुरस्कार कशाला? सोल ट्रेनची गोष्ट

१२ एप्रिल १९८९ची रात्र. लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये सोल ट्रेन म्युझिक अवॉर्ड्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठीच्या पुरस्कारांचा, तिसरा सोहळा रंगलेला. गायिकांच्या गटातली नामांकनं वाचायला सुरुवात झाली, व्हिटनी ह्यूस्टनचं नाव आलं आणि प्रेक्षकांतल्या काही जणांनी तिची चक्क हुर्यो उडवली. व्हिटनी तिथेच, समोरच्या रांगांत बसलेली होती.

बिलबोर्डच्या मुख्य यादीत लागोपाठ सात गाणी पहिल्या क्रमांकावर नेणारी ही बाई. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या न्यू होप बाप्टिस्ट चर्चमध्ये गात लहानाची मोठी झालेली. आई सिसी ह्यूस्टन गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारी, मावसबहीण गायिका डिऑन वॉरविक. याच पुरस्कारांचा पहिला सोहळा झाला तेव्हा सूत्रसंचालन केलं होतं ते या मावसबहिणीने. म्हणजे घरचंच कार्य म्हणायचं, आणि घरच्याच माणसांनी पोरीला घालूनपाडून बोलावं, तसा प्रकार झाला.

हे असं का झालं, ते नीट कळलं तर या वेगळ्या पुरस्कारांचं गणितही कळतं. नाहीतर चर्चा नेहमीच्या प्रश्नावर अडकते : ‘उद्या गोऱ्यांनी फक्त गोऱ्यांसाठी पुरस्कार काढले तर चालेल का?’ प्रश्न बिनतोड वाटतो खरा, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. नेहमीचे पुरस्कार, नेहमीच्या याद्या, नेहमीचं टीव्ही हे सगळ्यांचंच होतं, असं. ते तसं नव्हतं.

सुरुवात गाण्यांच्या याद्यांपासून करू. ‘बिलबोर्ड’ हे अमेरिकेतलं संगीतव्यवसायाचं नियतकालिक. कुठल्या रेकॉर्डी जास्त खपल्या, रेडिओवर काय जास्त वाजलं, याच्या याद्या ते छापतं. या याद्या पूर्वीपासून दोन. एक मुख्य, आणि दुसरी कृष्णवर्णीय वस्त्यांतली दुकानं आणि तिथल्या लोकांसाठीची रेडिओ केंद्रं यांच्यावरून काढलेली. या दुसऱ्या यादीचं बारसं किती वेळा झालं ते बघा. १९४२मध्ये ‘हार्लेम हिट परेड’, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीवरून. १९४५मध्ये ‘रेस’, म्हणजे सरळ ‘वंश’. १९४९मध्ये कुणाला तरी तो शब्द खटकला म्हणून ‘रिदम अँड ब्लूज’, थोडक्यात ‘आर अँड बी’. १९६९मध्ये ‘सोल’, म्हणजे ‘आत्मा’. १९८२मध्ये ‘ब्लॅक’. १९९०मध्ये पुन्हा ‘आर अँड बी’. फळीवरची चिठ्ठी बदलत राहिली, फळी तीच राहिली.

या दोन याद्या म्हणजे दोन वेगवेगळे खिसे. मुख्य यादीत शिरलं की मोठी दुकानं, मोठी केंद्रं, मोठे दौरे. कृष्णवर्णीयांच्या यादीतून उडी मारून मुख्य यादीत जाण्याला धंद्यात ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. कंपन्यांना ते हवंच असायचं, आणि त्यासाठी गाणं थोडं ‘हलकं’ करायचीही त्यांची तयारी असायची. ताल जरा मऊ, आवाजातला चर्चचा खरखरीतपणा जरा कमी. व्हिटनीच्या कंपनीने तिच्या पहिल्या दोन अल्बमांत नेमकं हेच केलं, असं तिच्यावर टीका करणाऱ्यांचं म्हणणं होतं. हुर्योचं मूळ तिथे आहे. पण त्याकडे नंतर येऊ.

आता टीव्ही. १९६०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत तीन मोठी नेटवर्क, म्हणजे देशभर दिसणारी वाहिन्यांची जाळी, होती : एबीसी, सीबीएस आणि एनबीसी. एबीसीवर डिक क्लार्कचा ‘अमेरिकन बँडस्टँड’ हा तरुण मुलामुलींच्या नाचाचा कार्यक्रम जोरात चालायचा. कृष्णवर्णीय गायक त्यात येऊन गाऊन जायचे. पण कार्यक्रम त्यांचा नव्हता.

शिकागोत डॉन कॉर्नेलियस नावाचा एक माणूस होता. आधी मरीन दलात, मग विमा विकणं, मग पोलिसाची नोकरी. सांगतात की, वाहतुकीचा नियम मोडला म्हणून त्याने एकदा एका रेडिओवाल्याची गाडी अडवली, आणि दंडाऐवजी विषय निघाला तो याच्या आवाजाचा. आवाज होताच तसा, खर्जातला, घाई नसलेला. तीन महिन्यांचा निवेदनाचा वर्ग करून तो डब्ल्यूव्हीओएन या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या केंद्रावर बातम्या सांगायला लागला. शाळाशाळांतून गाण्याचे कार्यक्रम घेऊन फिरायचा, त्या फिरत्या ताफ्याला त्याने नाव दिलं होतं ‘सोल ट्रेन’. तेच नाव घेऊन १७ ऑगस्ट १९७०ला त्याने डब्ल्यूसीआययू या शिकागोच्या छोट्या वाहिनीवर रोजचा कार्यक्रम सुरू केला. स्टुडिओ शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडच्या इमारतीत ४३व्या मजल्यावर, आणि चित्र कृष्णधवल.

वर्षभरात त्याला हा कार्यक्रम देशभर न्यायचा होता. नेटवर्क घेणार नाही हे उघड होतं. मग मार्ग राहतो तो सिंडिकेशनचा. म्हणजे काय, तर प्रत्येक शहरातल्या वाहिनीकडे स्वतः जायचं आणि ‘आमचा कार्यक्रम लावा’ म्हणून पटवायचं. एका सहीवर देश मिळत नाही, गावोगाव जोडे झिजवावे लागतात. लक्ष्य पंचवीसेक शहरांचं होतं. २ ऑक्टोबर १९७१ला लॉस एंजेलिसहून पहिला भाग गेला तेव्हा जेमतेम आठ शहरं हाती लागली होती.

आणि पैसा? माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच. पैसा आला केसांच्या तेलातून. शिकागोतच जॉर्ज जॉन्सन यांची जॉन्सन प्रॉडक्ट्स नावाची कंपनी होती. कृष्णवर्णीयांच्या केसांसाठी ‘अल्ट्रा शीन’ आणि ‘अफ्रो शीन’ बनवणारी. त्याच वर्षी, १९७१मध्ये, ती अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेलेली पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी ठरली. जॉन्सन यांनी सोल ट्रेनच्या मागे जाहिरातीचा पैसा उभा केला. त्यामुळे एक विलक्षण साखळी तयार झाली. निर्माता कृष्णवर्णीय, नाचणारे कृष्णवर्णीय, गाणारे बहुतेक कृष्णवर्णीय, आणि मधल्या जाहिरातीत विकलं जाणारं तेलही त्यांच्याच डोक्याचं. अमेरिकन टीव्हीवर असं आधी कधी झालं नव्हतं.

त्यातली एक जाहिरात ऐकण्यासारखी आहे. एक तरुण केस न विंचरता बाहेर निघालाय. तेवढ्यात आरशापाशी साक्षात फ्रेडरिक डग्लस अवतरतात. हे एकोणिसाव्या शतकातले गुलामगिरीविरोधी नेते, स्वतः गुलामीतून पळून सुटलेले. ते त्या पोराला अस्ताव्यस्त केसांवरून झापतात. तेल विकायला इतिहासपुरुषाला कामाला लावणं अंमळ विनोदीच. पण प्रेक्षकाला डग्लस माहीत असणार, हे त्यात धरलेलं होतं, आणि नसले माहीत तर आता झाले.

कार्यक्रमातला ‘स्क्रॅम्बल बोर्ड’ही त्याच जातीचा. एक मुलगा आणि एक मुलगी एका फळ्यापुढे उभे राहायचे. फळ्यावर अक्षरं उलटसुलट लावलेली. एका मिनिटात ती जुळवून नाव पुरं करायचं, आणि ते नाव एखाद्या कृष्णवर्णीय गायकाचं किंवा थोर व्यक्तीचं. कॉर्नेलियसने पुढे कबूल केलं की खेळ असा रचलेला असायचा की जोडी जिंकायचीच. देशभर लोक बघतायत, आपली पोरं अडखळलेली दिसायला नकोत, हा हिशेब. फसवणूक म्हणा हवं तर. मला त्यात एखाद्या मास्तरांची धडपड दिसते, तपासणीला साहेब येणार म्हणून पोरांना उत्तरं आधीच सांगून ठेवणाऱ्या.

कौतुक करता करता हेही सांगायला हवं की ज्यांच्या नाचावर हा कार्यक्रम उभा होता त्या मुलामुलींना मानधन नव्हतं. शनिवार-रविवारी तासन् तास चित्रीकरण, आणि जेवणाला तळलेल्या कोंबडीचा डबा. आपल्यातलाच मालक झाला म्हणून हातावर पैसे पडतीलच असं नाही.

डिक क्लार्कला या यशाचा वास लागला. १९७३मध्ये त्याने एबीसीवर ‘सोल अनलिमिटेड’ नावाने असाच कार्यक्रम आणला. नेटवर्कची ताकद पाठीशी असल्यावर सोल ट्रेन वर्षभरात गुंडाळली गेली असती. नागरी हक्कांच्या चळवळीतले नेते जेसी जॅक्सन आणि संगीतधंद्यातलं वजनदार नाव क्लॅरेन्स अव्हांट यांनी एबीसीकडे कडक निषेध नोंदवला, आणि तो कार्यक्रम थोड्याच भागांत बंद झाला. क्लार्कने त्याच सुमारास आणखी एक गोष्ट सुरू केली : अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्स. पहिला सोहळा १९७४मध्ये. हे नाव लक्षात ठेवा.

कॉर्नेलियसचे स्वतःचे पुरस्कार यायला मात्र १९८७ उजाडलं. २३ मार्चला सँटा मोनिका सिव्हिक ऑडिटोरियममध्ये पहिला सोहळा झाला, सूत्रसंचालनाला गायक ल्यूथर व्हॅन्ड्रॉस आणि डिऑन वॉरविक. ‘हेरिटेज अवॉर्ड’ स्टीव्ही वंडर यांना.

पुरस्कार म्हटला की आपण आधी बाहुलीकडे बघतो. बघायचं असतं ते मतपेटीकडे. ग्रॅमीत, म्हणजे अमेरिकेतल्या संगीताच्या सर्वात मानाच्या पुरस्कारांत, मत देतात रेकॉर्डिंग अकॅडमीचे सदस्य, म्हणजे गायक, वादक, ध्वनिमुद्रक वगैरे. त्या सदस्यांत कोण किती, यावर निकालाची चव ठरते. शास्त्रीय, कंट्री, पोल्का अशा दुनियाभरच्या गटांतले लोक सर्वोच्च पुरस्कारांना मत देणार, तर त्यांनी न ऐकलेल्या संगीताला ते काय देणार? सोल ट्रेनच्या मतदारांत होते रेडिओवर गाणी निवडणारे, रेकॉर्डींची दुकानं चालवणारे आणि याद्यांत नाव असलेले कलाकार. म्हणजे ज्यांचा दिवसभराचा धंदाच या संगीताशी. नियमात कातडीच्या रंगाची अट नव्हती, अट होती ती संगीताच्या परंपरेची. जेवण ज्यांनी जेवलंय, त्यांनी ते कसं झालं ते सांगायचं.

आणि आता परत १९८९. या एका वर्षाच्या पहिल्या साडेतीन महिन्यांत सगळा प्रश्न जणू मंचावर मांडला गेला.

जानेवारीत डिक क्लार्कचे अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्स झाले. सोल आणि आर अँड बी गटातले गायकाचे आणि अल्बमचे पुरस्कार घेऊन गेला इंग्लंडचा गोरा गायक जॉर्ज मायकल. त्याच्यासमोर उभे होते मायकल जॅक्सन आणि बॉबी ब्राउन. जॉर्ज मायकल वाईट गायचा असं कुणीच म्हणालं नाही, त्याचा अल्बम कृष्णवर्णीयांच्या यादीतही पहिला आला होता. पण कृष्णवर्णीय गायकाची मुख्य गटात जाताना दमछाक होते आणि गोरा गायक आमच्या गटात येऊन बक्षीस नेतो, हे अनेकांना झोंबलं. सोल गायिका ग्लॅडिस नाइट यांनी ते उघड बोलून दाखवलं.

फेब्रुवारीत ग्रॅमी. रॅपला त्यांनी पहिल्यांदाच स्वतंत्र पुरस्कार ठेवला, पण तो टीव्हीवर दाखवायचा नाही, असं ठरवलं. म्हणजे जेवायला बोलवायचं आणि पान मागच्या पडवीत मांडायचं. पाच नामांकितांपैकी तिघांनी सोहळ्याकडे पाठ फिरवली : डीजे जॅझी जेफ अँड द फ्रेश प्रिन्स, सॉल्ट-एन-पेपा आणि एलएल कूल जे. पुरस्कार मिळाला तो पहिल्याच जोडीला. त्यातला ‘फ्रेश प्रिन्स’ म्हणजे पुढे नट म्हणून जगभर गाजलेला विल स्मिथ.

आणि एप्रिलमध्ये हे, व्हिटनीची हुर्यो. आता तिचा अर्थ लागतो. बाहेर आपल्या माणसांना दारातून परत पाठवलं जातंय, आणि जिला बाहेर मानाचं पान मिळालं ती आपल्यात आली की ‘तू आमची राहिलीस का?’ असं विचारायचं. हा प्रश्न क्रूर होता, आणि माझ्या मते अन्यायाचाही. गाणं मऊ करायचा निर्णय कंपनीच्या खोलीत झाला, शिव्या बाईला बसल्या. पण तो प्रश्न आला कुठून ते विसरून चालत नाही. त्याच रात्री मायकल जॅक्सनला हेरिटेज अवॉर्ड मिळालं. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांनी ‘पॉप, रॉक आणि सोलचा खरा राजा’ असं त्याचं कौतुक केलं, आणि ‘किंग ऑफ पॉप’ ही पदवी जगभर रूढ झाली. क्रॉसओव्हर तर त्यानेही केला होता, इतरांहून शंभरपट. त्याला राज्याभिषेक, तिला हुर्यो. त्याच रात्री व्हिटनीची बॉबी ब्राउनशी भेट झाली. १९९२मध्ये दोघांचं लग्न झालं. त्या लग्नाचं पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. तिचा पुढचा अल्बम १९९०मध्ये आला तेव्हा त्यात एल. ए. रीड आणि बेबीफेस हे निर्माते होते, ताल जास्त ठसठशीत, चाल आर अँड बीची. टीका कंपनीच्याही कानावर गेली असावी.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार परकं वाटू नये. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी अर्पण केला तो अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. याच फुल्यांना १८८५मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण दिलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. ज्या सभेत आमच्या लोकांच्या हक्कांचा विचारच नाही तिथे आम्ही कशाला येऊ, आमचं आम्ही बघू, असा त्या पत्राचा आशय. डग्लस आणि फुले एकाच काळातली माणसं. फक्त फुल्यांना कुणी तेलाच्या जाहिरातीत आणलं नाही, एवढंच.

सोल ट्रेनच्या घरातही सगळं गुण्यागोविंदाने नव्हतं. कॉर्नेलियसला स्वतःला रॅप पचनी पडलं नव्हतं. १९८०मध्ये रॅपर कर्टिस ब्लो आला तेव्हा आपल्यासारख्या जुन्या माणसाला यात काही कळत नाही, अशी कबुली त्याने कार्यक्रमातच दिली. तरी मंच दिला. पुढे त्याच मंचाभोवती सर्वात काळी रात्रही आली. ७ मार्च १९९७ला पुरस्कार द्यायला न्यूयॉर्कचा रॅपर नोटोरियस बी.आय.जी. आला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या रॅपवाल्यांत तेव्हा वैर धुमसत होतं. पश्चिमेकडचा रॅपर टुपाक शकूरला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांनी बी.आय.जी.चीही हुर्यो उडवली. पुढच्या रात्री सोहळ्यानिमित्तच्या एका पार्टीहून निघताना, मध्यरात्र उलटल्यावर, त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. वय २४.

उरतो मालकीचा प्रश्न. बीईटी, म्हणजे ब्लॅक एंटरटेनमेंट टेलिव्हिजन, ही केबल वाहिनी रॉबर्ट जॉन्सन यांनी १९८०मध्ये सुरू केली. हे जॉन्सन वेगळे, तेलवाल्यांशी संबंध नाही. २००१च्या सुरुवातीला ती व्हायाकॉम या बड्या कंपनीने घेतली, किंमत तीन अब्ज डॉलरच्या आसपास. आणि त्याच वर्षी जूनमध्ये लास व्हेगासला पहिले बीईटी अवॉर्ड्स झाले. कृष्णवर्णीयांचा म्हणून ओळखला जाणारा सर्वात मोठा सोहळा निघाला तेव्हा त्याची मालकी त्यांच्या हातातून गेलेली होती. त्या पहिल्या सोहळ्यातलं जीवनगौरव कुणाला मिळालं? व्हिटनी ह्यूस्टनला. बारा वर्षांपूर्वी हुर्यो, आता उभं राहून टाळ्या.

या सोहळ्याची ताकद दिसली २८ जून २००९ला. मायकल जॅक्सन २५ जूनला गेला होता. आखलेला कार्यक्रम तीन दिवसांत मोडून पूर्ण रात्र त्याच्या नावे केली गेली. इतर वाहिन्या तेव्हा त्याच्या मृत्यूची बातमी करत होत्या. इथे लोक सुतक पाळत होते, आणि ते गाऊन-नाचून पाळलं जात होतं.

सोल ट्रेन हा कार्यक्रम पस्तीस वर्षं चालून २००६मध्ये थांबला. पुरस्कार २००७नंतर खंडित झाले, २००९मध्ये अटलांटातून पुन्हा सुरू झाले. नाव आणि जुन्या चित्रफिती २००८पासून हात बदलत राहिल्या आणि २०१६मध्ये बीईटीकडे, म्हणजे अखेर व्हायाकॉमकडेच आल्या. डॉन कॉर्नेलियस १ फेब्रुवारी २०१२ला गेला. व्हिटनी ११ फेब्रुवारीला, ग्रॅमीच्या आदल्या संध्याकाळी. शेवटचा सोल ट्रेन सोहळा २०२३च्या नोव्हेंबरमधला. अभिनेत्री केकी पामरच्या घरी, घरगुती पार्टीच्या थाटात. २०२५मध्ये बीईटीने सांगून टाकलं की हे पुरस्कार तूर्तास स्थगित आहेत.

‘सोल ट्रेन लाइन’ मात्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लग्नांत आणि कुटुंबांच्या मेळाव्यांत अजून धरली जाते. दोन समोरासमोर रांगा, मधे गल्ली. टाळ्यांचा ठेका धरायचा, एका टोकाने एक एक जोडी गल्लीत शिरते, नाचत नाचत दुसऱ्या टोकाला निघते आणि रांगेत जाऊन उभी राहते. गुडघे धरून चालणारी आजी आली की रांगा जरा आत सरकतात, आणि ठेका तिच्या चालीइतका सावकाश होतो.